पडवीतला दिवा आणि किनाऱ्यावरचे शेजारी



आमचे जामनेर कांग नदीच्या काठी वसले आहे. समुद्र येथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. असे असूनही खानदेशातील बरीच कुटुंबे समुद्रकाठी राहतात, कारण इकडचे अनेक शिक्षक-शिक्षिका कोकणातल्या शाळांत नोकरीला आहेत. समजा, तुमच्या आईची किंवा वडिलांची अशीच नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर येथे झाली. आजीसह सारे कुटुंब सामान घेऊन तेथे पोहोचले. नारळी-पोफळीच्या वाडीत एक कौलारू घर भाड्याने मिळाले. घरापुढे पडवी, मागे वाडी, वाडी संपली की सुरूचे बन आणि त्यापलीकडे लांबच लांब वाळूचा किनारा.

पहिला आठवडा सामान लावण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट तुमच्या ध्यानात येऊ लागते. या घरात आपण एकटे राहत नाही. भिंतीवर, वाडीत, वाळूत आणि पाण्यात आपले पुष्कळ शेजारी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. या शेजाऱ्यांची ओळख आपण आज करून घेणार आहोत. ती करून घेताना पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील काही जुन्या मित्रांचीही भेट होईल. शेवटी एका लहानशा वस्तूविषयी निर्णय घ्यावा लागेल. ती वस्तू म्हणजे पडवीत रात्रभर जळणारा दिवा.

भिंतीवरची पाल

पहिली शेजारीण तुमच्या ओळखीचीच आहे. पाल जामनेरलाही असते. पण कोकणातील दमट हवेत कीटक भरपूर, म्हणून दिव्याभोवती पालीही अधिक. छताला उलटी चिकटून ती पडत कशी नाही? तिच्या पायाला डिंक नसतो आणि पोकळी करून चिकटणाऱ्या चकत्याही नसतात. पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या रांगा असतात. तोकेई नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात, आणि प्रत्येक केसाचे टोक शेकडो शाखांत विभागलेले असते. ही टोके भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन्हीकडच्या रेणूंमधले क्षीण आकर्षण, म्हणजे व्हान् डर वाल्स बल, काम करू लागते. एका केसाचे बल अगदी थोडे. परंतु लाखो केसांचे मिळून पालीच्या वजनाच्या कितीतरी पट होते. सन २००० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एकेका केसाचे बल प्रत्यक्ष मोजले.

आता पालीच्या जेवणाकडे पाहा. ती दिव्याजवळ दबा धरून बसते, कारण कीटक आपण होऊन तेथे येतात. का बरे येतात? कीटकांना दिवा आवडतो, असे आपण सहज म्हणतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपले, तेव्हा वेगळाच प्रकार दिसला. रात्री आकाश हे जमिनीपेक्षा नेहमी उजळ असते. म्हणून उडताना आपली पाठ उजेडाकडे ठेवली की ‘वर’ कोणते आणि ‘खाली’ कोणते हे कीटकाला कळते. लक्षावधी वर्षे हा नियम चुकला नाही. पण दिवा बाजूला असला की कीटक त्या दिशेला पाठ करतो, कलंडतो, वळतो आणि पुन्हा पुन्हा दिव्याभोवतीच फिरत राहतो.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. प्राणी भोवतालच्या भौतिक खुणा वाचून वागतात. खूण बदलली की त्यांचे गणित चुकते. याच मुद्द्याशी आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

वाळूतील बिळे आणि चंद्राचे घड्याळ

संध्याकाळी सारे कुटुंब किनाऱ्यावर फिरायला जाते. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची सुंदर नक्षी पसरलेली दिसते. ती नखाएवढ्या खेकड्यांनी काढलेली असते. हे खेकडे वाळूचा घास तोंडात घेतात, कणांना चिकटलेले सूक्ष्म अन्न खरवडून काढतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. भरती आली की नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा काढली जाते.

थोडे वरच्या बाजूला, कोरड्या वाळूत, मोठी बिळे दिसतात. त्यांत वाळूच्याच रंगाचे, काठीसारख्या दांड्यांवर डोळे असलेले खेकडे राहतात. तुमची चाहूल लागताच ते इतक्या वेगाने पळतात की वाळूचाच एक तुकडा धावला असे वाटावे. त्यांचे बीळ खोल ओल्या वाळूपर्यंत जाते. कोरडी वाळू मुठीत ठरत नाही, पण ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो. दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. खेकड्याच्या बिळाची भिंत याच बलावर उभी असते.

हे खेकडे भरती-ओहोटीच्या तालावर जगतात. हा ताल चंद्र ठरवतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करीपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून आज भरती सकाळी सहाला आली तर उद्या ती सातला दहा कमी असताना येईल. कोकणातील मच्छीमारांचा एक सोपा ठोकताळा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. आपल्या ५० मिनिटांच्या किती जवळ, पाहा! पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला ‘भांग’ म्हणतात. गुहागरला गेल्यावर आजीच्या पंचांगाचा हा नवा उपयोग तिला अवश्य दाखवा.

पडवीत दिवा का लागतो?

कोकणातील एक शेजारी मात्र लांबूनच ओळखावा असा आहे. तो म्हणजे फुरसे. हा साप खानदेशातही आढळतो, परंतु रत्नागिरी जिल्हा त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. फुरसे हात-दीड हात लांबीचे, मातकट रंगाचे असते. जांभ्या दगडांच्या फटींत, पालापाचोळ्यात ते दिवसा पडून राहते आणि रात्री हिंडते. डिवचले तर ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते. त्याच्या अंगावरील खवले करवतीच्या दात्यांसारखे असल्याने ‘खर्र’ असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे सूचना आहे. ती ऐकताच जागीच थांबावे व मागे सरावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. सर्पदंशावर मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, १०८ क्रमांकाला बोलावून, रुग्णाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

आता आजीचे म्हणणे तुम्हाला पटेल. ती म्हणते, “पडवीतला दिवा रात्रभर चालू राहू द्या. अंधारात कोणाचा पाय कशावर पडेल, काय सांगावे?” आजीची भीती खरी आहे. तिला ‘घाबरट’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

पाण्यातला थंड उजेड

हिवाळ्यातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री वाडीचा मालक तुम्हाला बोलावतो आणि किनाऱ्यावर नेतो. लाट फुटते आणि तिच्या कडेला निळा प्रकाश चमकून जातो. ओल्या वाळूवर पाय आपटला की पायाभोवती निळ्या ठिणग्या उठतात. हा प्रकाश नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवांचा असतो. साधारण अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव पाणी ढवळले गेले की चमकतो. पेशीत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होते आणि मोकळी झालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही. आपल्या जुन्या तारेच्या बल्बची स्थिती याउलट होती. त्यात शंभर भाग वीज घातली तर प्रकाश मिळे सुमारे पाच भागांचा. बाकी सारी उष्णता.

हा प्रकाश निळाच का? समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश लवकर शोषला जातो व निळा दूरवर जातो. म्हणून समुद्रातील बहुतेक जीव निळ्या प्रकाशातच ‘बोलतात’ आणि त्यांचे डोळेही त्याच रंगाला अधिक संवेदनशील असतात. निळ्या रंगाची ही गोष्टही ध्यानात ठेवा. तिचा उपयोग लवकरच होणार आहे.

वाळूखालचे पाळणाघर

नोव्हेंबर ते मार्च या काळात किनाऱ्यावर आणखी एक पाहुणी येते. रात्रीच्या अंधारात समुद्रातून एक मादी कासव बाहेर पडते. तिला ऑलिव्ह रिडले म्हणतात. पाठ सुमारे ६०-७० सेंटीमीटर लांब आणि वजन ३५ ते ४५ किलो. भरतीच्या रेषेच्या वर येऊन ती मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा सुमारे ४५ सेंटीमीटर खोल खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांची व तिची भेट होत नाही. अंडी उबवण्याचे काम वाळू आणि सूर्य यांच्यावर सोपवलेले असते.

वाळू हे काम कसे करते? खानदेशातील धाब्याच्या घरात तुम्ही मे महिन्यात बसला असाल, तर उत्तर तुम्हाला अंगानेच माहीत आहे. बाहेर ऊन रणरणत असते, पण जाड मातीच्या छताखाली गारवा असतो. माती उष्णतेची मंदवाहक आहे. दुपारची उष्णता आत झिरपत असतानाच रात्र होते आणि वरचा थर पुन्हा गार होऊ लागतो. वाळूचेही तसेच. पृष्ठभाग दुपारी पाय भाजण्याइतका तापतो आणि पहाटे गार पडतो. पण जसजसे खाली जावे तसतसा हा चढउतार झपाट्याने कमी होतो. ४५ सेंटीमीटर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. अंड्यांना रात्रंदिवस एकसारखी ऊब मिळते आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्ले तयार होतात.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचे तापमान ठरवते. उबवण्याच्या काळाच्या मधल्या तिसऱ्या भागात घरट्याचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसखाली राहिले तर बहुतेक नर निपजतात. ३१ अंशांवर राहिले तर बहुतेक माद्या. म्हणजे दोन-तीन अंशांत सारा निकाल! तापमान दीर्घकाळ ३५ अंशांच्या पलीकडे गेले तर पिल्ले दगावू लागतात. पृथ्वीचे तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने वाढले तर काय बिघडले, असे कोणी विचारले तर त्याला कासवाच्या घरट्याचे उदाहरण सांगावे.

पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत आणि कुत्री-कोल्हे उकरून खात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने, श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, मंडणगड तालुक्यातील वेळास येथे गावकऱ्यांच्या मदतीने घरटी राखण्यास आरंभ केला. वेळास म्हणजे नाना फडणविसांचे गाव. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पुढे वन विभाग व कांदळवन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने हे काम किनाऱ्यावरील अनेक गावांत पसरले. गुहागरलाही आता ‘कासवमित्र’ पहाटे किनारा पायाखाली घालतात, मादीच्या पावलांच्या माग काढून घरटे शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात हलवतात. अंडे उचलताना ते फिरवायचे नसते. घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. अंडे उलटे झाले तर तो सुटतो आणि मरतो. म्हणून हे काम शिकलेल्या माणसानेच करावे लागते.

या कासवांच्या प्रवासाचाही आता मागोवा घेतला जातो. २०२२ च्या आरंभी वेळास, आंजर्ले व गुहागर येथील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाकडे संदेश धाडणारी यंत्रे बसवण्यात आली. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनारा व पश्चिम किनारा हे आपल्या नकाशातील दोन वेगळे धडे. तिच्या दृष्टीने तो एकच किनारा होता.

उजळ क्षितिजाकडे

आता खरी कसोटीची वेळ येते. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले वाळूखालीच एकत्र धडपडतात. वरची वाळू ढासळून खाली साचते आणि तळ हळूहळू वर येतो, जणू सर्वजण मिळून पाळणाच वर ओढत असतात. पृष्ठभागाजवळ आल्यावर वाळू तापलेली असेल तर ती थांबतात. वाळू गार झाली, म्हणजे रात्र झाली, हे ओळखून ती बाहेर येतात.

तळहातावर मावेल एवढे हे पिल्लू. आई जवळ नाही, समुद्र पूर्वी कधी पाहिलेला नाही. मग जायचे कोणीकडे? ते आपल्या डोळ्यांनी क्षितिज न्याहाळते. जमिनीच्या बाजूला सुरूची झाडे, केवड्याची बने, वाळूच्या टेकड्या. ही सारी उंच आणि काळी. समुद्राच्या बाजूला पाणी आकाशातील तारकांचा प्रकाश परावर्तित करते, म्हणून तिकडचे क्षितिज खाली आणि उजळ. ‘काळ्या उंच आकारांपासून दूर आणि खालच्या उजळ क्षितिजाकडे’ एवढा एकच नियम घेऊन पिल्लू धावत सुटते. तो नियम कोट्यवधी वर्षे पुरला.

आता पडवीतला दिवा मोजून पाहू. साध्या ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ‘९०० ल्युमेन’ असे छापलेले असते. हा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरला असे माना. १०० मीटर अंतरावर तो १०० मीटर त्रिज्येच्या गोलावर पसरेल. त्या गोलाचे क्षेत्रफळ ४ × ३.१४ × १०० × १००, म्हणजे १,२५,६०० चौरस मीटर. ९०० भागिले १,२५,६०० बरोबर सुमारे ०.००७ ल्युमेन दर चौरस मीटरला, म्हणजेच ०.००७ लक्स. किती क्षुल्लक!

पण आता तुलना करा. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री आकाशातून येणारा प्रकाश सुमारे ०.००२ लक्स असतो. म्हणजे शंभर मीटर दूरच्या तुमच्या एका बल्बचा उजेड साऱ्या आकाशाच्या उजेडाच्या तिपटीहून अधिक झाला, आणि तोही एकाच बिंदूतून, जमिनीच्या बाजूने! पौर्णिमेच्या रात्री चंद्रप्रकाश ०.२ लक्सच्या आसपास असतो, म्हणून तेव्हा दिव्याचा प्रभाव कमी पडतो. अंधाऱ्या रात्री मात्र पिल्लू वळते आणि दिव्याकडे चालू लागते. आपल्या दृष्टीने ते वाट चुकलेले असते. त्याच्या दृष्टीने ते नियम तंतोतंत पाळत असते.

याचे परिणाम गंभीर आहेत. पिल्लाच्या पोटात अंड्यातील थोडा बलक शिल्लक असतो. पहिले काही दिवस पोहत खोल समुद्रात जाण्यासाठी तीच त्याची शिदोरी. ती वाळूत भटकण्यात संपते. वाटेत आपले ते काठीडोळे खेकडे आणि कुत्री टपलेली असतात; उजाडले की कावळे, घारी आणि ऊन. एरवीही हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असे मानतात. त्यांत आपल्या दिव्याची भर कशाला? शिवाय उजळलेल्या किनाऱ्यावर मादीही अंडी घालण्यास बिचकते. संरक्षित जागेत घरट्यावर टोपली झाकून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळी पिल्ले समुद्राजवळ सोडतात, त्यामुळे हा धोका टळतो. पण जे घरटे कोणालाच सापडले नाही, त्यातील पिल्लांची वाट आपल्या दिव्यांवरच अवलंबून असते.

दिवा ठेवावा की विझवावा?

घरात आता दोन पक्ष पडतात. तुम्ही म्हणता, दिवा विझवा. आजी म्हणते, फुरशाचे काय? अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा प्रश्नाचे तुकडे करावेत. आजीला उजेड हवा आहे तो जमिनीवर, पाय पडतो तेथे. पिल्लाला त्रास होतो तो समुद्राकडून दिसणाऱ्या उजेडाचा. हे दोन उजेड एकच नाहीत. मग तीन गोष्टी करता येतात.

पहिली गोष्ट, दिशा. उघड्या बल्बचा निम्मा प्रकाश वर आणि बाजूला वाया जातो. बल्बवर पत्र्याची टोपी बसवली, तो खाली उतरवला आणि समुद्राकडची बाजू झाकली, तर अंगणात उजेड तेवढाच राहील व किनाऱ्यावरून दिवा दिसणार नाही. शिवाय सारा प्रकाश खाली वळल्याने ९ वॅटऐवजी ५ वॅटचा बल्बही पुरेल.

दुसरी गोष्ट, वेळ. रात्रभर दिवा कशाला? अंधारात बाहेर पडताना हातात विजेरी घ्यावी, पायांत बंद चपला-बूट घालावेत, काठी आपटत चालावे. पडवीतला दिवा सर्पाला अडवत नाही. उलट दिव्याकडे कीटक येतात, कीटकांमागे बेडूक-पाली येतात आणि त्यांच्यामागे सापही येऊ शकतो. आजीला हे कारण कासवापेक्षाही लवकर पटेल!

तिसरी गोष्ट, रंग. निळ्या रंगाची आठवण आता काढा. कासवाच्या पिल्लाचा डोळा निळ्या-हिरव्या, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देतो. तांबड्या, म्हणजे लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला फार कमी. आपला पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यात सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश निर्माण होतो आणि त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. जुन्या सोडियमच्या पथदिव्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, नारिंगी-पिवळा होता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने पथदिव्यांसाठी एलईडीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगावी पांढरे दिवे आले. विजेची मोठी बचत झाली, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच वेळी रात्रीत निळा रंग वाढला. किनाऱ्यालगत नारिंगी किंवा तांबूस एलईडी वापरला तर बचतही होते आणि अपायही घटतो. मात्र रंग बदलला म्हणजे काम झाले असे समजू नये. झाकणे आणि विझवणे हे उपाय त्याहून महत्त्वाचे आहेत.

दिव्याकडे जाणारे पिल्लू दिसले तर? प्रथम तो दिवा बंद करावा. त्याच्यावर विजेरीचा झोत टाकू नये, छायाचित्रासाठी चमकदिवा वापरू नये, आणि त्याला घरी नेऊन बादलीतल्या पाण्यात तर मुळीच ठेवू नये. गावातील कासवमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

समुद्र नसला तरी

तुम्ही म्हणाल, आम्ही तर जामनेरला, पाचोऱ्याला, शिरपूरला राहतो. येथे कासवाचे पिल्लू कोठून येणार? बरोबर. पण वाळू, सूर्य, दिवा आणि कीटक येथेही आहेत. शिक्षकांच्या मदतीने पुढील दोन प्रयोग करून पाहा.

पहिला प्रयोग तापमानाचा. शाळेच्या आवारात उन्हाच्या जागी वाळूचा खोल खड्डा भरा. तीन पोकळ नळ्या अनुक्रमे ५, १५ व ४५ सेंटीमीटर खोलीपर्यंत उभ्या पुरा. प्रत्येकीत दोऱ्याला बांधलेला अल्कोहोलचा तापमापक सोडा आणि तोंड कापडाने बंद करा. पाऱ्याचा तापमापक वापरू नका. तो फुटला तर पारा वाळूत मिसळेल. तापमापकाच्या फुग्याभोवती मेणाचा गोळा लावा, म्हणजे वर काढून वाचेपर्यंत आकडा बदलत नाही. सकाळी ७ पासून संध्याकाळपर्यंत दर तीन तासांनी नोंद करा आणि आलेख काढा. कोणती रेषा सपाट येते? १५ सेंटीमीटरवरील सर्वाधिक तापमान दुपारीच येते की उशिरा?

दुसरा प्रयोग दिव्याचा. रात्री अंगणात पांढरी चादर टांगा. एका दिव्यावर नारिंगी जिलेटिन कागद व दुसऱ्यावर पातळ पांढरा कागद गुंडाळा, आणि दोन्हींचा उजेड डोळ्यांना शक्य तितका सारखा करा. उजेड सारखा करणे का आवश्यक आहे, याचा विचार करा. प्रत्येक दिवा पंधरा-पंधरा मिनिटे लावून चादरीवर बसलेले कीटक मोजा. हाच प्रयोग अमावास्येच्या व पौर्णिमेच्या सुमारास करून आकड्यांची तुलना करा. घरातील वडील माणसांना बरोबर घ्या आणि पायांत बूट घालायला विसरू नका.

आकडे जसे मिळतील तसे वहीत लिहा. अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर ते खोडू नका. प्रयोग किती वाजता केला, आकाश ढगाळ होते काय, वारा होता काय, हेही शेजारी नोंदवा. आणि आपल्या मासिकाकडे पाठवताना गावाचे नाव लिहायला विसरू नका. गुहागरची वाळू आणि जामनेरची वाळू एकाच आलेखावर काढून पाहता येतील.